आधीचा चेंडू जमा करा

चेंडू बाहेर गेला की दहा सेकंदांत दुसरा मैदानात आला पाहिजे! यात अवघड काय आहे? काहीही नाही! पण गेल्या सामन्यात भिंतीपलीकडे गेलेला चेंडू आणायला जो माणूस गेला, तो वाटेत चहा पिऊन आला. अकरा मिनिटं! आणि मी, फुटबॉलच्या सामन्याचा पंच, तोंडात शिट्टी धरून मधोमध नुसता उभा! तेव्हाच ठरवलं, पुढच्या वेळी असा बंदोबस्त करतो की लोक बघत राहतील.

लोक बघत राहिले. ते पुढे येईलच.

पुढच्या सामन्याला माझी परीक्षा घ्यायला परीक्षक येणार होते. पास झालो तर वरच्या श्रेणीचा पंच, नापास झालो तर वयामुळे पुन्हा संधी नाही. आणि आदल्या दिवशी आयोजक म्हणतात, "चेंडू सात देतो. बाहेर उभी राहणारी माणसं तुमची तुम्ही बघा!" माझं टाळकंच सरकलं. ऐन वेळी माणसं आणू कुठून? शेवटी घरी मुक्कामाला आलेली अख्खी सासुरवाडी मैदानाभोवती उभी केली. सासरेबुवा, सासूबाई, मेहुणा, त्याची बायको, थोरली मेहुणी आणि माझी बायको. बरोब्बर सहा!

प्रत्येकाच्या हातात हवा तपासलेला एकेक चेंडू दिला आणि बजावलं, "मैदानात एका वेळी एकच चेंडू! दुसरा दिसला तर मी संपलो समजा!"

सासरेबुवांनी गंभीरपणे मान डोलावली. त्यांनी कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली आहेत. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

सातव्या मिनिटाला चेंडू शेजारच्या छपरावर गेला. थ्रो-इन घेणारा खेळाडू सासरेबुवांकडे धावला.

"काका, चेंडू!"

"आधीचा जमा करा."

"आधीचा छपरावर आहे!"

"मग उतरवून आणा. जुना आल्याशिवाय नवा मिळत नाही."

मी धावत गेलो. "बाबा, द्या तो चेंडू!"

"जावईबापू, एका वेळी एकच, हे तुमचेच शब्द."

"अहो, पण तो बाहेर गेलाय!"

"आणि परत आला म्हणजे? दोन होतील!"

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मी चेंडू सासरेबुवांच्या हातातून अक्षरशः ओढून काढला आणि सहाही जणांना ऐकू जाईल असा ओरडलो, "कुणीही डोकं चालवायचं नाही! मी हात वर केला की चेंडू आत! लगेच!"

रखवालदाराने छपरावरचा चेंडू उतरवला, तो सासरेबुवांनी काखोटीला मारला. पुढची वीस मिनिटं छान गेली. ज्याच्याकडे बघून हात वर, त्याचा चेंडू आत!

मग ऑफसाइड झाला. ऑफसाइडनंतरच्या फ्री किकवर थेट गोल होत नाही, आणि हे सगळ्यांना कळावं म्हणून पंचाला हात सरळ वर धरून उभं राहावं लागतं. हे मला सतरा वर्षं माहीत आहे. घरच्यांना मी सांगितलं नव्हतं.

मी कुणाकडेच न बघता हात वर केला. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच! पाच दिशांनी पाच चेंडू आत आले!

सासूबाईंचा माझ्या पाठीत बसला. दोन चेंडू गोलकीपरने कवटाळले, तिसरा जाळ्यात गेला. पलीकडच्या जाळ्यातही एक गेला आणि दोन्ही संघ एकदम नाचू लागले! मी जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होतो, तरी मेहुणा पळत जाऊन बाहेर आलेला चेंडू पुन्हा आत टाकत होता.

"अरे, बंद करा!"

"अहो, मग हात खाली घ्या ना!" बायको किंचाळली.

तेवढ्यात सासरेबुवा ओरडले, "माझा माझ्याकडेच आहे हं! आधीचा आतच होता, म्हणून मी दिला नाही!"

त्या 'हं'ने माझा तोल गेला. मी तरातरा गेलो आणि सख्ख्या सासऱ्यांना लाल कार्ड दाखवलं! चेंडू देणाऱ्यांना कार्ड दाखवता येत नाही, हेही मला सतरा वर्षं माहीत आहे.

सासरेबुवांनी ते माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि खिशात ठेवलं.

"जमा," म्हणाले.

परीक्षक उठून थेट त्यांच्याकडे गेले आणि त्यांचा हात हातात घेतला. "एवढ्या गोंधळात नियम कळलेला माणूस एकच दिसला!"

मी नापास. रविवारी अंतिम सामना आहे, आणि बाहेरच्या माणसांचे प्रमुख म्हणून सासरेबुवांना बोलावलंय. मलाही बोलावलंय. कोपऱ्यात चेंडू धरून उभं राहायला.

आज सकाळी माझा चेंडू मागायला त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"देतो की, जावईबापू. आधी ती शिट्टी जमा करा."