मैनाबाईसाहेबांचा सव्वा तास

तमाम आत्यामंडळ, भाचेपरिवार आणि तिकिटे काढून देणारे यजमान यांसी विदित व्हावे की, काटोलकर मैनाबाईसाहेब यांणी आकाशमार्गे पुणे प्रांती स्वारी केली, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे.

बाईंचे धाकटे बंधू वैभवराव चाकरीनिमित्त पुण्यास ठाण मांडून होते. मातोश्री यमुताई लवकर निवर्तल्या, सबब बाईंनीच त्यांस न्हाऊमाखू घालून वाढविले. त्यांसी कन्यारत्न जाहले, आजीचेच नाव ठेवावे ऐसे ठरले आणि बारसे नेमिले, दुपारी एक. आत्याने बाळाचे कानी नाव सांगावे हा वंशपरंपरेचा हक्क. आणि आईचे नाव या लेकीच्या कानी दुजे कोणी सांगावे, हे बाईंस सोसणारे नव्हते.

यजमान गुलाबचंद यांणी अर्ज गुदरला की, नागपूर ते पुणे हवाई अंतर सहाशे किलोमीटर, विमान अकरास सुटते आणि सव्वा तासात पोहोचते, परंतु दोन तास आधी हजर व्हावे लागते. बाईंनी पहिली बाब मंजूर केली आणि दुसरी दप्तरी दाखल केली. कारण काटोलच्या एसटीस हात दाखविला की ती थांबते, आणि चप्पल बदलून येते म्हटले तरी कंडक्टर रुपराव घंटी मारीत नाहीत, हा तीस वर्षांचा अनुभव. हुकूम जाहला, "काहून घाई करून राहिले जी? मानूस दिसला का थांबते थे!"

मग नवास काटोलाहून कूच जाहले. बाळाचे वाळे, संत्र्यांची पिशवी आणि दोन दिवस पुरतील इतक्या दशम्या, ऐशी रसद सोबत होती. विमानतळी पोहोचले तो अकरास दहा मिनिटे कमी. आत पाहतात तो काचा आणि शिपाई. हात दाखवावा तरी कोणास?

तोच पाटीवर अक्षरे उमटली की पुण्याचे विमान तीन तास उशिरा. अवघी छावणी हळहळली, एकट्या बाईंचे मुखावर तेज चढले. "पाहा, म्या म्हटलं होतं ना, थांबते!"

परंतु पुण्याहून मोबाइलवर खलिता आला की पाहुणे भुकेले, सबब चुलतबहीण पायल हिने नाव सांगून कार्य उरकावे. बाई फोनवर गर्जल्या, "पोरीच्या कानाले कोनी तोंड लावलं तर याद राखजा! मी येऊन राहिली ना!" मग वैभवरावांनी पाहुण्यांस जेवू घातले आणि आपण उपाशी, लेकीस खांद्यावर घेऊन येरझारा घालीत किल्ला लढविला.

दोनास विमान उडाले. बाईंनी शेजारच्यांस दशम्या वाटिल्या आणि गावगोत पुसले, तो सोयरिकीचा धागा लागण्याआधीच पुणे आले. पुढे शहरातील गर्दीने विमानाहून अधिक वेळ खाल्ला आणि सायंकाळी सहास खाशी स्वारी पाळण्यापाशी दाखल जाहली.

पायल मुकाट बाजूस सरली. बाई वाकल्या, तो बाळाचे कपाळ थेट तान्ह्या वैभवाचे. बाईंस रडे आवरेना. मग कसेबसे कानी म्हणाल्या, "यमुना."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हवाई अंतर सहाशे किलोमीटर, लागला वेळ सव्वा तास. काटोलच्या उंबऱ्यापासून पाळण्यापर्यंत नऊ तास. पाळण्यापासून कानापर्यंत एक वीत. त्या एका वितीस किती वेळ लागला हे पाहावयास कोरड्या डोळ्यांचा इसम तेथे कोणी नव्हता, सबब लिहिले नाही.