खोळंबा धरून सयाम

पनवेलच्या एस.टी. स्टँडावर गजाभाऊ टिपणिसांना कुणी "कुठे निघालात?" म्हणून विचारलं, की ते "सयाम" असं सांगत आणि पेणच्या गाडीत चढत.

यात थट्टेचा भाग मुळीच नसे. पेणला त्यांचं नगरपालिकेचं काही काम असे. पण माणसानं आपलं शेवटचं ठिकाण सांगावं, मधले थांबे सांगत बसू नये, असं त्यांचं मत होतं. सयामला जायचं तर आधी मुंबई गाठायला हवी आणि पेण नेमकं उलट्या दिशेला आहे, हे मी एकदा लक्षात आणून दिलं. ते म्हणाले, "मास्तर, पृथ्वी गोल आहे. तुम्हीच शिकवता ना?"

गजाभाऊ जकात नाक्यावर कारकून. मी शाळेत मास्तर. आमच्या बिऱ्हाडांच्या मध्ये एक कुडाची भिंत, आणि त्या भिंतीतून अकरा वर्षं मला सयाम ऐकू येत होतं. सकाळी दाढी करताना ते मोठ्यानं म्हणत, "पाच चाळीसची ठाण्याची गाडी. शिळफाट्याला बैलगाड्या आडव्या, बारा मिनिटं. मुंब्र्याला चहा, नऊ मिनिटं. खोळंबा धरून ठाणं आठ वाजता." माझी धाकटी मुलगी पाढे म्हणायच्या आधी हे म्हणायला शिकली.

"खोळंबा धरून" हा त्यांचा लाडका शब्द. बाजारात वांगी कशी दिली म्हणून विचारताना नाही, पण बाकी सगळीकडे तो येई. "कार्य किती वाजता उरकेल, खोळंबा धरून?" असं त्यांनी एका लग्नात नवऱ्यामुलाच्या बापालाच विचारलं होतं.

या साऱ्याचं मूळ म्हणजे खजुराची पुडी. पुडीचा कागद कुठल्याशा इंग्रजी मासिकाचा होता आणि त्यावर समुई नावाच्या सयामी बेटाचं चित्र होतं. पांढरी वाळू, नारळाची झाडं, एक होडी. दुसऱ्या कुणी खजूर खाऊन कागद टाकला असता. गजाभाऊंनी खजूर आळीतल्या मुलांना वाटला आणि कागद कांजी लावून पुठ्ठ्यावर चिकटवला.

"अहो, वाळू आणि नारळ बघायला सयामला कशाला? अलिबागला जा," असं लोक म्हणत.

"अलिबागला कुणीही जातं," गजाभाऊ म्हणत.

मग पत्रव्यवहार सुरू झाला. मुंबईतल्या विमान कंपन्या, आगबोट कचेऱ्या, सयामची वकिलात, कुणालाही त्यांनी सोडलं नाही. मोटारीनं मुंबई, विमानानं कलकत्ता, रंगून, बँकॉक, तिथून आगगाडीनं दक्षिणेकडे, आणि शेवटी बेटावर नेणारी होडी, म्हणजे तर. एवढ्या प्रवासाचे मिनिटामिनिटांचे तक्ते त्यांनी नगरपालिकेच्या जुन्या नोटिशींच्या पाठकोऱ्या बाजूवर केले होते. त्यांची पत्रं इतकी चोख असत, की एका विमान कंपनीनं त्यांना दर नाताळात 'मेसर्स टिपणीस' अशा नावानं कॅलेंडर पाठवायला सुरुवात केली. पोस्टमन त्या दिवशी त्यांना नमस्कार करी.

नुसत्या कागदावर भागवणारा हा माणूस नव्हता. तालमी होत. विमानाची तालीम आमच्या झोपाळ्यावर झाली. कानात कापूस, तोंडात लवंग, आणि साडेचार तास बैठक. मध्ये आमची ही म्हणाली, "भाऊजी, जेवून घ्या ना." त्यांनी डोळे न उघडता हातानं नकार दिला. कलकत्त्यापर्यंत उतरता येत नाही, हे मला तिला स्वयंपाकघरात जाऊन समजवावं लागलं.

तरीची तालीम पनवेल बंदरात झाली. कौलं उतरवायला आलेल्या एका मचव्यात गजाभाऊ ट्रंक घेऊन चढले, उतरले, पुन्हा चढले. हातात घड्याळ. मचव्याचा तांडेल त्यांना जकातीचे साहेब म्हणून ओळखत होता. त्याला वाटलं, ही नवी झडती. तिसऱ्या खेपेला त्याला घाम फुटला. पाचव्या खेपेला त्यानं पाय धरले आणि कौलांखाली सुपारीची दोन पोती लपवल्याचं कबूल केलं. गजाभाऊंनी वहीत लिहिलं : "तांडेलाशी बोलणे. खोळंबा दोन मिनिटे."

गावानं मात्र हे सारं फार मनावर घेतलं. पनवेलचा माणूस विमानानं परदेशी जाणार, तर वाचनालयाचं मंडळ स्वस्थ कसं बसेल? मंडळानं निरोप समारंभ केला. हार, नारळ, शाल, तीन भाषणं. गजाभाऊ सयामला गेले नाहीत, कारण रंगूनला पाऊस होता. पुढल्या वर्षी मंडळानं पुन्हा समारंभ केला. तिसऱ्या वर्षी तर अध्यक्षांनी, "गेल्या दोन्ही प्रस्थानांपेक्षा यंदाचं प्रस्थान अधिक यशस्वी झालं आहे," असं सांगून टाळ्या घेतल्या. समारंभाची तारीख पुढे मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमातच छापून येऊ लागली, कोजागिरी आणि वक्तृत्वस्पर्धा यांच्या मध्ये. गजाभाऊ सत्काराला उत्तर देताना गंभीरपणे म्हणत, "जाणं सोपं आहे. पोचणं हे शास्त्र आहे." आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला नाक्यावर हजर असत.

आम्ही सगळे हसायचो. मी जरा जास्तच हसायचो, कारण मला भिंतीपलीकडचं ऐकू येई.

एका मार्गशीर्षात, रविवारी सकाळी, उरणजवळच्या करंज्याची एक कोळीण आमच्या दारात येऊन उभी राहिली. साठीची असेल. नाकात नथ, डोक्यावर पाटी, पाटीत सुकट. मला वाटलं, विकायला आली.

"सयामची वाट ठावं हाय तो कारकून हितंच ऱ्हातो ना?" तिनं विचारलं.

गजाभाऊ भिंतीपलीकडून ऐकत असावेत. कोट घालूनच बाहेर आले.

तिचं नाव पारूबाय. तिचा एकुलता एक मुलगा नामा बोटीवर खलाशी होता. बापाशी भांडून गेला तो परत आला नाही. सयामातल्या एका बेटावर बोट सोडून राहिला, तिथल्याच मुलीशी लग्न केलं. बाप आता गेला होता. आणि नामाचं पत्र आलं होतं, की बायको चैत्रात बाळंत होणार, तिला आई नाही, तू ये. विमान कंपनीत त्यानं दोन माणसांच्या जागेची सोय करून ठेवली होती. एक आईची, एक कुणा माहितगाराची. एकटी येऊ नको, असं त्यानं दोनदा लिहिलं होतं.

"सून परमुलखाची," पारूबाय म्हणाली. "पन बालंतपन सगल्या मुलखात सारखंच ना, दादूस?"

ती भेटेल त्या पुरुषाला दादूसच, म्हणजे दादाच, म्हणे. गजाभाऊंना आजवर कुणी तसं म्हटलं नसावं. ते जरा गोंधळले, आणि मग त्यांनी पत्रावरचा पत्ता वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

"हे पुकेत आहे," ते म्हणाले. "समुई नाही. बाई, तुमचा मुलगा चुकीच्या बेटावर राहतो."

"लगीन झालंय त्याचं थितं," ती म्हणाली. "आता कुटं हलवू?"

गजाभाऊ खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. अकरा वर्षांत जे एका बेटासाठी केलं, ते त्यांनी दुसऱ्या बेटासाठी आठ दिवसांत केलं. पुढल्या रविवारी पारूबाय आली, तेव्हा ते माझ्या ओटीवर सत्तावीस कार्डं मांडून बसले होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईसाठी प्रत्येक कार्डावर चित्र काढलं होतं. मोटार, विमान, आगगाडी, पुन्हा मोटार, शेवटी खाडीतली तर. मागच्या बाजूला इंग्रजीत, समोरच्याला दाखवायला : 'ही बाई मासे खाते, गोमांस खात नाही.' 'हिला पुढच्या गाडीत बसवा.' 'हिच्या पाटीत सुकट आहे, घाबरू नये.'

दीड तास त्यांनी समजावून सांगितलं. तिनं एकदाही जांभई दिली नाही. शेवटी विचारलं, "बरं. मंग आपन कंदी निगायचं?"

"आपण?" गजाभाऊ म्हणाले. "मी मार्गदर्शन करतो. जाण्याचं म्हणाल, तर माझ्या पासपोर्टचं काम चालू आहे."

"किती दिस?"

"अकरा वर्षं," मी म्हणालो, आणि हसलो.

पारूबाय हसली नाही. तिनं कमरेची पिशवी सोडून स्वतःचा पासपोर्ट काढला. नामाच्या जुन्या सोबत्यानं तो करून दिला होता. फोटोत नथीनं अर्धा चेहरा व्यापला होता. "माजा तीन म्हयन्यांत झाला. तुजा का आरला? दाव तुजा कागद."

गजाभाऊ टाळायला लागले. आज रविवार, कचेरी बंद, नियम बदललेत. ती उठली आणि सरळ त्यांच्या खोलीत गेली. मागून मी. इतकी वर्षं शेजारी राहून त्या खोलीत मी उंबऱ्याच्या आत फारसा गेलो नव्हतो. खाट एक, खुर्ची एक, पाण्याचं भांडं एक. ट्रंकेतून त्यांनी अर्ज काढला. छापल्यासारखं अक्षर, एक खाडाखोड नाही. फोटोत केस काळेभोर होते.

"सगला लिवलाय की!" पारूबाय म्हणाली.

"एक रकाना बाकी आहे," गजाभाऊ म्हणाले.

"कसला?"

त्यांनी अर्ज दूर धरून वाचून दाखवला. "अपघात घडल्यास कोणास कळवावे. नाव, पत्ता, नाते."

मग त्यांनीच खुलासा केला, अगदी कचेरीतल्या आवाजात. "आधी मी पेन्सिलीनं मुख्याधिकारी, पनवेल नगरपालिका, असं लिहिलं होतं. पण पुढे नातं विचारतात. वरिष्ठ हे नातं धरत नाहीत. मी पत्र घालून खात्री करून घेतली."

मी खाली बघत राहिलो. त्या अर्जाच्या भानगडीत एक रंगून, एक पाऊस, एक नियम, काय काय त्यांनी आम्हाला सांगितलं होतं, आणि आम्ही त्यावर भाषणं केली होती. एक कुडाची भिंत मध्ये. माझं नाव लिहा, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण तेवढ्यात ती बोलली.

"माजं लिव."

"तुमचं कसं चालेल?" गजाभाऊ दचकले. "अहो, तुम्ही त्याच विमानात असणार! विमानाला अपघात झाला, तर तुम्हाला कळवायचं कुणी?"

"विमान परलं त मी बी तुजेसंगं परन," पारूबाय म्हणाली. "कलवाया कशाला पायजे? मी बगनच की!"

या मुद्द्याला नियमात उत्तर नव्हतं. गजाभाऊंनी ट्रंकेतून कोरा अर्ज काढला. त्यांच्याकडे सहा जादा प्रती होत्या. दौत उघडली, सगळा अर्ज पहिल्यापासून पुन्हा लिहिला, आणि त्या रकान्यापाशी थांबून विचारलं, "नाव पूर्ण सांगा. नवऱ्याच्या नावासकट. मुक्काम पोस्ट करंजा, तालुका उरण. आणि नातं?"

"भैन लिव," ती म्हणाली. "आन बिगी कर, माजी लांच जाईल."

त्यांनी लिहिलं. टीपकागद लावला, उचलला, आणि वाळलेल्या शाईवर पुन्हा लावला.

फाल्गुनात ते गेले. मी सांताक्रूझपर्यंत पोचवायला गेलो. विमान दोन तास उशिरा सुटलं, तपासणीच्या साहेबांनी सुकटीची पाटी उघडायला लावली, सत्ताविसातलं पहिलंच कार्ड गर्दीत कुठे तरी पडलं. गजाभाऊ वहीत काहीच टिपून घेत नव्हते. त्यांच्या एका हातात ट्रंक होती आणि दुसरा पारूबायनं मनगटाशी घट्ट धरला होता. दोघांत घाबरलेलं कोण होतं, ते काचेतून मला सांगता येईना.

इकडे वाचनालयाच्या मंडळात नाराजी पसरली. निरोप न घेता माणूस जातो म्हणजे काय? यंदाच्या समारंभाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. मंडळानं खेदाचा ठराव केला आणि समारंभ गजाभाऊंच्या गैरहजेरीत पार पाडला. भाषणं चांगली झाली.

वैशाखात ते परतले. रंग रापला होता. नामाला मुलगी झाली होती. पारूबाय आणखी वर्षभर तिथेच राहणार होती. मंडळाला प्रवासावर व्याख्यान हवं होतं, पण "काय सांगायचं? जाऊन आलो," एवढंच गजाभाऊ म्हणाले. संध्याकाळी ते आमच्या झोपाळ्यावर बसले होते. मी विचारलं, "समुईला गेलात की नाही?"

"नाही. बारसं होतं."

"आणि पुकेत कसं आहे?"

"बेट बरं आहे," ते म्हणाले. "नारळ आहेत." मग पायानं झोपाळा थांबवला. "आम्ही तरीतून उतरत होतो. ओहोटी होती. तिचा मुलगा गुडघाभर पाण्यात येऊन उभा. अकरा-बारा वर्षांनी आईला बघत होता, पण आधी त्यानं माझ्या हातातली ट्रंक घेतली. म्हणाला, 'मामा, पाय जपून टाका. शेवाल हाय.'"

मी पुढच्या वाक्याची वाट पाहिली. त्यांनी झोपाळ्याची कडी चाचपली.

"मी जपून टाकला," ते म्हणाले.