साहेबांचा त्याग आणि पाण्याचं इंजिन

पद सोडायला मोठं मन लागतं, आणि इतक्या मोठ्या मनाचा माणूस नोकरीतून गमावणं कुठल्याच नगरपालिकेला परवडत नाही. नरडाण्याच्या पलीकडच्या आमच्या नगरपालिकेने हे सत्य १९५७च्या चैत्रात ओळखलं, ही अभिमानाची गोष्ट आहे.

झालं असं की, गावच्या पाण्याचं इंजिन बंद पडलं. चीफ ऑफिसर रतिलालसाहेबांनी ते दोन महिने मेहुण्याच्या उसाला पाणी द्यायला धाडलं होतं (परोपकाराची सवय, दुसरं काय!). परत आलं ते धापा टाकतच. नळ कोरडेच राहिले, चैत्रात विहिरीही आटल्या, बाया नदीच्या वाळूत झिरे उकरू लागल्या, आणि एके सकाळी दोनशे रिकाम्या हंड्यांनी कचेरीला वेढा घातला. साहेबांनी तिथल्या तिथे नैतिक जबाबदारी घेऊन पद सोडलं. गाव गहिवरलं.

नगरपालिकेने त्याच दिवशी ठराव केला, आणि त्याची भाषा स्वच्छ होती. साहेबांनी पद सोडलं आहे, नोकरी नव्हे. सबब त्यांना त्याच पगारावर 'विशेष चौकशी अधिकारी (इंजिन)' नेमण्यात येत आहे, कारण इंजिन का बिघडलं हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणालाही ठाऊक नाही. खोली साहेबांकडेच राहिली, कारण टेलिफोनची तार तिथवरच पोचत होती. पंखा राहिला, कारण चौकशीला डोकं थंड लागतं. शिपाई मगनही राहिला, कारण त्याला दुसऱ्या कोणाची घंटा ऐकूच येत नसे.

चीफ ऑफिसरचं पद हेडक्लार्क पितांबरला मिळालं. सोबत व्हरांड्यातलं एक टेबल आणि गावाच्या शिव्या. बावीस वर्षं खाली मान घालून टाचणं लिहिलेला हा माणूस. त्याने खुर्चीला नमस्कार केला आणि पहिलाच हुकूम लिहिला: इंजिन दुरुस्तीसाठी धुळ्याला न्यावं. मगनने सवयीने कागद आधी साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी शेरा मारला, 'इंजिन हा चौकशीतला पुरावा आहे. जागचं हलवू नये.'

पितांबरने नऊ स्मरणपत्रं लिहिली. साहेबांनी नऊही चौकशीला जोडली (त्यामुळे चौकशीला वजन आलं). अठराव्या दिवशी त्याच्या गल्लीतली सुंदरबाई व्हरांड्यात येऊन उभी राहिली. झिरा ढासळून तिच्या सुनेचा हात मोडला होता.

"पितांबरभाऊ, साहेब तू शेस का तो शे?"

"मीच आहे, अक्का."

"मंग पानी कोठे शे?"

पितांबरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लाज वाटली, ती वेगळीच. दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याने स्वतः बैलगाडी जोडली, गल्लीतले चौघे हाताशी घेतले, पुरावा गाडीत घातला आणि धुळ्याचा रस्ता धरला. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं. सुंदरबाईने पहिला हंडा भरला तेव्हा चीफ ऑफिसर चारचौघांत रडला, अगदी नियमबाह्य.

सहाव्या दिवशी चौकशीचा अहवाल आला. इंजिन चालू असल्याने ते कधी बिघडलं होतं असं मानायला आधार नाही. मात्र पुरावा पळवण्यात आला हे सिद्ध होत आहे. आता नैतिक जबाबदारीची पाळी पितांबरची होती. त्याने बिचाऱ्याने पद सोडलं आणि मुकाट आपल्या जुन्या टेबलाकडे गेला, तर तिथे साहेबांचा मेहुणा टाचणी शोधत बसलेला. पद आणि नोकरी वेगवेगळी असण्याची सोय वरच्या श्रेणीपुरतीच आहे, असं पितांबरला लेखी कळवण्यात आलं. बावीस वर्षं अशी एका कागदात गुंडाळली गेली.

पाणी आणल्याबद्दल साहेबांचा जाहीर सत्कार झाला. हजर माणसं चारशे बारा, हार एकोणतीस, पितांबरचा उल्लेख शून्य.

सुंदरबाईने मात्र त्याला परत घ्या असा अर्ज लिहवून घेतला, अंगठा उठवला आणि घरोघर फिरली. सगळे म्हणाले, देवमाणूस शे तो! सगळेच म्हणाले, आधी शेजारच्यांची सही आणा. अर्जावर आजही तो एकच अंगठा आहे.

चुकचुकू नका. ती तुमच्याही दारी आली होती. तुम्ही आतूनच सांगितलंत, आंघोळ चालू आहे म्हणून.