फार्मसीस जावे की न जावे, याविषयी भरलेला दरबार

फ्रिजात इन्सुलिन, आणि त्याच्या शेजारी आत्याबाईंचा गजरा.
खोकल्याच्या बाटलीचे झाकण लहानास उघडू नये म्हणून केलेले. थोरांसही उघडत नाही.
भिंतीवर चौकटीत वाळुंजराव.
प्रल्हादमामा पहाटेच्या गाडीने निघाले, मत सोबत घेवोन निघाले.
एका डॉक्टरांचे अक्षर.
आज सायंकाळपर्यंत.

धन्वंतरीस वंदन, ज्याचे हाती कलश आणि कलशावर किंमत छापलेली नाही. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, भाद्रपद मासी जे घडले ते लिहितो. राज्याचे नाव लिहीत नाही. नाव घेतले म्हणजे सरकारी औषध खात्याचा पाहणीदार येतो. राज्य बसस्थानकासमोर, रुंदीने एक शटर, परंतु लौकिक आसपासच्या सर्व गावांत. गादीवर मुरलीधरराव कासार. त्यांचे तीर्थरूपांनी हे मेडिकल वसविले, आणि साथीच्या काळी चहूकडे दारे लागली असता हे शटर एक दिवसही खाली आले नाही, हे लोक आजही सांगतात आणि कासारांची छाती फुगते, आणि ती फुगावी हेच योग्य. कारभार धाकटे बंधू सुभानराव पाहत. कैसेही वेडेवाकडे अक्षर असो, चिठ्ठी वाचावी तर त्यांनी.

परंतु राज्यास एक व्यंग होते. सरकारचा नियम ऐसा की औषधाचे दुकानी फार्मसी शिकलेला मनुष्य जातीने हजर पाहिजे, आणि कासारांत तो कोणी नव्हता. मग वाळुंजराव नामे गृहस्थ फार्मसी शिकोन बसले होते, त्यांची सनद भाड्याने आणिली, चौकटीत घालोन भिंतीस लाविली, आणि दरमहा भाडे पोचते करू लागले. सनद इकडे राहिली आणि वाळुंजराव जिल्ह्याच्या गावी टाइल्सचे दुकान चालवीत राहिले. पाहणीदार आले म्हणजे 'साहेब आत्ताच जेवायला गेले' ऐसे सांगावे, हा राज्याचा रिवाज. ऐसे वाळुंजराव वर्षानुवर्षे जेवीत होते.

मुरलीधररावांस कन्या एक, केतकीबाई. बारावी उत्तम प्रकारे उतरल्या आणि बी. फार्मची जागा त्यांस लागली. जागा पक्की करण्यास तीच सायंकाळ शेवटची. न केली तर गेली. सबब काउंटरच्या आत स्टुले मांडोन दरबार भरला.

प्रथम प्रल्हादमामा बोलिले. मामा म्हणजे केतकीबाईंच्या मातोश्रींचे बंधू, शहरी औषधाच्या कारखान्यात तपासणी खात्यात असत, आणि त्यांचा शब्द पोकळ नव्हता. त्यांनी सांगितले की चार वर्षे शिकावे आणि पंधरा-अठरा हजारांवर रुजू व्हावे, आणि कारखान्यात बढती सावकाश, आणि एमआर, म्हणजे कंपनीचा फिरता प्रतिनिधी, जाहले तर बॅग धरोन डॉक्टरांचे दारी तिष्ठावे, आणि सरकारी दवाखान्यात एक जागा निघाली तर अख्खा तालुका अर्ज करितो. एम. फार्म केले तर पुढे बरे दिवस, परंतु त्यास आणखी दोन वर्षे. शेजारचा मुलगा कॉम्प्युटर शिकोन पहिल्या वर्षीच दुप्पट आणितो, हेही त्यांनी जोडिले.

मग मुरलीधररावांच्या वडील भगिनी इंदुमतीआत्या, ज्या तोवर गजरा वळीत होत्या, त्या म्हणाल्या, "प्रल्हादराव, तुम्ही ह्याच धंद्यात घर बांधलंत. भाची निघाली तेव्हाच गोळी कडू लागली होय?"

मामा हसले, परंतु आकडे मागे घेतले नाहीत. सुभानकाकांनी तोड काढिली. ते म्हणाले की डिप्लोमा करावा, दोन वर्षांत सनद मिळते, आणि चौकटीस काय कळते दोन वर्षांची की चार. आणि पुढे ऐसेही सांगितले की आपल्यास गरज सरली तर ती सनद दुसऱ्या मेडिकलास भाड्याने लावू. पोर घरबसल्या कमावील, उन्हात जाणे नको. हा विचार दरबारास गोड वाटला. मुरलीधरराव मात्र रॅकमधील डबे सरळ करीत राहिले, जे आधीच सरळ होते.

इतक्यात बायजाबाई आल्या. पल्याडच्या वाडीच्या, गुडघ्यांनी त्रस्त. शेजारीण घेते ती दुखण्याची गोळी त्यांनी मागितली, चिठ्ठी नव्हती, आणि काकांनी नेहमीप्रमाणे पाकीट काउंटरवर ठेविले. मग बायजाबाईंनी कमरेच्या पिशवीतून दुसरे पाकीट काढिले. रक्त पातळ राखण्याची गोळी, हृदयाचे डॉक्टरांनी चालू केलेली.

"ही बी रोज हाय. दोन्ही चालत्यात न्हवं?"

"चालतंय की मावशी," काका म्हणाले. त्यांनी आजवर सर्वांस हेच सांगितले होते आणि कोणी परतोन तक्रार केली नव्हती.

केतकीबाईंनी काउंटरवरील पाकिटावर हात ठेविला. त्यांस उत्तर ठाऊक नव्हते. त्यांनी बापाकडे पाहिले, बापाने काकांकडे, काकांनी भिंतीकडे. भिंतीवर सनद होती. मग केतकीबाईंनी चौकटीतल्या मनुष्यास, म्हणजे वाळुंजरावांस, फोन लाविला आणि सर्वांस ऐकू जावे ऐसा ठेविला. पलीकडे फरशी कापण्याचे यंत्र करकरत होते. केतकीबाईंनी दोन्ही गोळ्यांची नावे वाचिली आणि विचारिले.

वाळुंजराव म्हणाले, "अगं बाळा, पास होऊन जमाना झाला. टाइल्सचं काही असेल तर विचार."

मामांस उत्तर ठाऊक होते. ते सांगण्यास त्यांनी तोंड उघडिलेही. परंतु केतकीबाई थांबल्या नाहीत, रक्ताच्या गोळीच्या पाकिटात डॉक्टरांची चिठ्ठी होती, तीवरील नंबर पाहोन हृदयाचे डॉक्टरांसच गाठिले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की दोन्ही मिळोन घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो, देऊ नका. साधी तापाची गोळी द्या आणि बाईंस उद्या मजकडे पाठवा. बायजाबाईंनी सर्व ऐकिले.

"म्हंजी इचारलं नसतं, तर?"

काकांनी दुखण्याच्या गोळीचे पाकीट आत ठेविले. मग तापाची गोळी काढोन बायजाबाईंचे हाती दिली.

बायजाबाई गेल्यावर केतकीबाई म्हणाल्या, "मामा, पगाराचं तुम्ही सांगितलं ते खरं धरून चालते. कमी मिळेल, सुरुवातीला चिडेनही. पण काका, माझी सनद इथं टांगून मी दुसरीकडं टाइल्स विकणार नाही. जिथं सनद, तिथं मी. आणि बाबा, इथं बसले तर पगार घेईन. बाहेर चालू असेल तो. घरची म्हणून कमी नाही."

मुरलीधररावांनी डबे सोडिले. "आणि पाहणीदार आला तर?"

"तर माझं जेवण झालेलं असेल."

आत्याबाईंनी हातातला गजरा केतकीबाईंच्या केसांत माळिला. प्रल्हादमामा म्हणाले की ही तर पगार ठरवोनच कॉलेजात निघाली, हिला मी काय सांगावे. आणि त्यांनीच मोबाइल हाती घेतला. दुकानात फोन लागे परंतु इंटरनेट येईना, म्हणोन अवघा दरबार फुटपाथवर आला, आणि मामा अर्जावरील नंबर वाचीत गेले आणि केतकीबाई बोट चालवीत गेल्या, आणि दिवस मावळण्यापूर्वी जागा पक्की जाहली. समोरचा चहावाला पाहत होता. मुरलीधररावांनी न विचारता त्यास सांगितले, "आमची फार्मसिस्ट."

एकूण वर्तमान ऐसे की पदवीचे मोल पगारात मोजिले तर आरंभी थोडे, पुढे मेहनतीजोगे; आणि जो मनुष्य काउंटरमागे उभा राहोन उत्तर देतो त्यास ते पुरेपूर, आणि जो टांगोन निघोन जातो त्यास भाड्यापुरते. या राज्याने पहिले पत्करिले. कासारांस याचा अभिमान आहे आणि लिहिणारासही आहे.

दरबाराचे आदल्या आठवड्यात मुरलीधररावांनी वाळुंजरावांस कळविले होते की चार वर्षांनी तुमची सनद लागणार नाही.