पोलंडचा मेहुणा

डाळिंबाच्या बागांची तपासणी करण्यासाठी आलेल्या परदेशी पाहुण्याचे कपाळ घरात शिरता शिरता दाराच्या चौकटीवर आदळले, आणि त्याच क्षणी आबासाहेबांच्या मनात व्हॉलीबॉलचा विचार आला. मनुष्याचे मन ज्या विषयात गुंतलेले असते, त्या विषयापाशी त्याला जगातली कोणतीही घटना नेऊन पोहोचवते. त्यांच्या पत्नी शकुबाई हळद आणायला आत धावल्या, सून रोहिणीने खुर्ची पुढे केली. आबासाहेब मात्र पाहुण्याच्या उंचीतून चौकटीची उंची वजा करीत शांतपणे उभे राहिले.

पाहुण्याचे नाव लेशेक ग्रुश्का. पोलंडमधील एका फळव्यापाऱ्याच्या वतीने तो निमगाव केतकीस आला होता आणि आठवडाभर आबासाहेबांकडेच उतरणार होता. त्याला मराठी येत नव्हते व आबासाहेबांना इंग्रजी. रोहिणी शेतकी पदवीधर असल्यामुळे दोन्ही देशांचा व्यवहार तिच्यावर अवलंबून होता.

"रोहिणी, पाव्हण्यास्नी इचार, एवढी उंची हाय, तिचं केलं काय आजवर?"

रोहिणीने विचारले. कपाळावर हळद थापलेला पाहुणा बराच वेळ बोलत राहिला.

"आबा, हे व्हॉलीबॉल खेळायचे. हौस म्हणून नाही, पोटापाण्याचा धंदाच तो. अठरा वर्षं."

आबासाहेबांनी हातातली बशी सावकाश खाली ठेवली.

लेशेकचा वृत्तांत थोडक्यात असा होता. चौदाव्या वर्षी त्याने खेळासाठी घर सोडले. पुढे चार संघ झाले, इटलीत एक हंगाम झाला, तुर्कस्तानात दोन झाले. राष्ट्रीय संघाच्या गणवेशात तो अकरा सामन्यांना उपस्थित होता. त्यांपैकी सात सामने त्याने बाकावर बसून पाहिले. दोन्ही गुडघे दोनदा उघडून पुन्हा शिवण्यात आले. सदतिसाव्या वर्षी तो निवृत्त झाला आणि फळे पाहू लागला. जाळ्यापाशी उभे राहायचे, चेंडू उंच आला की त्याहून उंच उडायचे आणि एका हाताने तो पलीकडे खाली आपटायचा, एवढ्या एका क्रियेवर त्याने अठरा वर्षे संसार केला होता.

आबासाहेबांना या वृत्तांताने जो आनंद झाला, त्यामागे कारण होते. निमगावच्या व्यायाम मंडळाचे अध्यक्षपद सव्वीस वर्षे त्यांच्याकडे होते. मंडळाच्या खोलीत सागवानी हातांची एक खुर्ची होती. तिच्यावर त्यांच्याखेरीज कोणी बसत नसे. खोलीत येणारे मांजरसुद्धा शेजारच्या बाकावर बसे. परंतु दरवर्षी माघात होणाऱ्या सामन्यात कऱ्हाटीचा संघ गेली नऊ वर्षे निमगावला निमगावच्याच मैदानावर हरवून जात होता. आबासाहेबांचे चुलतभाऊ मानसिंगराव यांनी मागच्या सभेत हा विषय अत्यंत नम्रपणे काढला होता.

"दादा, खेळाडू समदे बदलून झालं, जाळी बदलून झाली, औंदा चेंडूबी नवा घेतला. आता बदलाय ऱ्हायलंय काय, तेवढं तुमीच सांगा."

"औंदा हारलो तर खुर्ची सोडतो!" आबासाहेब गरजले होते. मानसिंगराव मंडळाचे सचिव असल्यामुळे हे वाक्य तत्क्षणी इतिवृत्तात नोंदले गेले व त्याखाली सात जणांच्या सह्याही झाल्या.

सामना रविवारी होता. पाहुणा बुधवारी आला होता.

"रोहिणी, रविवारी एक मॅच खेळा म्हणावं."

"आबा, ते म्हणतात, गुडघ्यांना वचन दिलंय. पुन्हा उडी मारणार नाही."

"म्हणावं, गुडघ्यास्नी आमी समजावून सांगतो."

पाहुण्याने दोनदा नकार दिला. शकुबाईंनी त्याच्या ताटात हुलग्याच्या शेंगोळ्यांची तिसरी वाटी रिती केली. ज्या घरी माणूस 'पुरे' म्हणाल्यानंतर दोनदा जेवला आहे, त्या घराला तिसऱ्यांदा नाही म्हणणे कोणत्याही देशात कठीण असते. लेशेकने मान डोलावली.

आता पहिली अडचण उभी राहिली. काही वर्षांपूर्वी कऱ्हाटीने बाहेरचा एक धिप्पाड फौजदार खेळवला होता, तेव्हापासून नियम झाला होता की खेळाडू गावचा असावा किंवा गावकऱ्याचा नातलग असावा. आबासाहेबांनी हा नियम स्वतःच भांडून करून घेतला होता, त्यामुळे तो त्यांना तोंडपाठ होता.

"नातलग," ते विचारमग्न होऊन म्हणाले, "नातलग काय, करावं तसं व्हत्यात."

श्रावण नव्हता, दिवाळीही नव्हती. तरी गुरुवारी सकाळी पाटावर बसवून शकुबाईंनी लेशेकला ओवाळले आणि त्याच्या मनगटावर राखी बांधली. मनगट एवढे रुंद होते की राखीला करदोट्याचा तुकडा जोडावा लागला.

"आजपास्नं तुमी माझं भाऊ," शकुबाई म्हणाल्या. "दादा, आता लाजायचं न्हाय. पोटभर जेवायचं."

हा विधी नाटकापुरता आहे असे शकुबाईंना वाटत नव्हते. त्या पाच बहिणींतल्या एक होत्या, भाऊ त्यांना नव्हताच. त्यांनी डोळ्यांना पदर लावला. पाहुण्याला काही कळले नाही, परंतु त्याचेही डोळे भरून आले. रोहिणीची मात्र पंचाईत झाली. दुभाषेपणात कालपर्यंत मोकळी असलेली ती आता मामेसासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घेऊन इंग्रजी बोलू लागली.

दुसरी अडचण रोहिणीनेच सांगितली.

"आबा, मी मोबाईलवर मामांचे जुने सामने बघितले. ते उड्या मारून एका हातानं चेंडू आपटतात. आपल्याकडं तर शूटिंग खेळतात. दोन्ही हात जुळवून, पाय जमिनीवर. आपटलं की फाऊल. त्यांना दोन दिवस सराव करू द्या."

आबासाहेबांनी तिच्याकडे करुणेने पाहिले. "अगं, ज्याला हिरीत पवता येतं, त्याला कॅनॉलात पवाया शिकवायचं व्हय? माणूस देशासाठी खेळलाय. आन् हितं मैदानावर नेला की कऱ्हाटीपातूर बातमी जायाची. झाकली मूठ ऱ्हाऊ दे."

अतिथीला त्याचीच विद्या शिकवणे म्हणजे त्याचा अवमान, हे आबासाहेबांचे मत इतके दृढ होते की त्यांनी सराव तर नाहीच, पण चेंडूसुद्धा घरात येऊ दिला नाही. तरीही रोहिणीने गुपचूप सारे नियम मामांना समजावून सांगितले. लेशेकने ते वहीत लिहून घेतले, आकृती काढली, दोन शंका विचारल्या. "सोपं आहे," तो म्हणाला. त्याच्या बुद्धीला ते खरोखरच समजले होते. शरीराला कोणी विचारलेच नव्हते.

रविवारी चार वाजता मैदान गच्च भरले. पंच म्हणून भिगवणचे मासळीचे व्यापारी गेणबा बसले होते. भिगवणला दोन्ही गावांच्या भांडणात स्वारस्य नसल्यामुळे दरवर्षी तो मान त्यांचाच असे. पाहुणा जाळ्यापाशी जाऊन उभा राहताच कऱ्हाटीचा कर्णधार विजयसिंह तावातावाने पुढे आला.

"गेणबा, हे काय मधीच? ह्यो कुठला नातलग?"

"मेहुणा हाय माझा," आबासाहेब म्हणाले.

"ह्यो? मेहुणा?"

"सख्खा न्हाय. मानलेला."

"कवापास्नं?"

"गुरुवारपास्नं."

गेणबांनी पाहुण्याच्या मनगटावरची राखी हातात धरून पाहिली, करदोट्याची गाठ तपासली, आणि गंभीर स्वरात निर्णय दिला. "गाठ पक्की हाय. नातं मंजूर."

शिट्टी झाली. कऱ्हाटीचा पहिला चेंडू आला, निमगावच्या मागच्या खेळाडूने तो कसाबसा वर उडवला आणि चेंडू जाळ्यावर उंच गेला. तेथून पुढे जे घडले, ते निमगावने पूर्वी कधी पाहिले नव्हते. दोन मीटर चार सेंटीमीटर उंचीचा तो मनुष्य जमिनीवरून नाहीसा झाला, हवेत क्षणभर थांबला आणि त्याने चेंडू असा आपटला की तो कऱ्हाटीच्या अंगणात टप्पा घेऊन प्रेक्षकांच्या डोक्यांवरून थेट उसात गेला.

साऱ्यांच्या माना उसाकडे वळल्या. मग आरोळी उठली. त्या आरोळीतच गेणबांची शिट्टी वाजली.

"फाऊल. कऱ्हाटीला गुण."

लेशेकने कपाळाला हात लावला, रोहिणीकडे पाहिले आणि क्षमा मागितली. पुढचे दोन चेंडू त्याने नमस्कार करावा तसे हात जुळवून खेळले. एक जाळीत गेला, दुसरा आबासाहेबांच्या मांडीवर येऊन बसला. तिसरा चेंडू उंच आला. त्याने दात आवळले, दोन्ही हात घट्ट जुळवले, पाय जमिनीत रोवले, आणि तो उडाला. चेंडू पुन्हा उसात गेला.

"मामा म्हणतात, चूक झाली. पाय आपोआप उचलले जातात," रोहिणीने येऊन सांगितले.

"गुडघ्यास्नी वचन दिल्यालं, त्येचं काय झालं म्हणावं?"

एवढ्यात विजयसिंहाच्या ध्यानात एक गोष्ट आली. पाहुण्याला उंच चेंडू दिला की कऱ्हाटीला गुण मिळतो आणि वर तसली उडीही पाहायला मिळते. स्वार्थ आणि भक्ती असे एकाच वाटेने क्वचितच चालतात.

"उंच द्या रं! पाव्हण्याला उंच द्या!" तो ओरडला. मग कऱ्हाटीचे खेळाडू चेंडू मारीनासे झाले, ते तो नैवेद्यासारखा वर अर्पण करू लागले. प्रत्येक वेळी लेशेक मनाशी निश्चय करी, प्रत्येक वेळी देह तो मोडी. निमगावची मंडळीही आता 'उंच, उंच' म्हणून ओरडू लागली. उसातून चेंडू आणण्यासाठी दोन्ही गावांचे लोक स्पर्धेने धावत होते.

"आरं, फाऊल हाय त्यो!" आबासाहेब आपल्याच माणसांवर ओरडले. "आपून हारतुया!"

"हारू द्या वो आबा!" मागून कोणीतरी म्हणाले. "हारतुया तर रोजच. हे कवा बघाय मिळंल?"

एकवीस विरुद्ध सहा. कऱ्हाटीच्या एकवीस गुणांपैकी सतरा एकट्या मेहुण्याने मिळवून दिले होते. सामना संपताच कऱ्हाटीच्या संघाने चषकाकडे ढुंकूनही न पाहता लेशेकला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला, तेव्हा त्यांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतले.

आबासाहेब एकटेच उभे होते. त्यांनी कनवटीला लावलेली मंडळाच्या खोलीची किल्ली काढली. सव्वीस वर्षांत ती इतकी गुळगुळीत झाली होती की दाते जेमतेम उरले होते. मानसिंगराव नवा फेटा बांधूनच आले होते. ते इतिवृत्ताची वही घेऊन व्यासपीठावर चढले.

"मंडळी, दादांनी सबूद दिला व्हता," ते ध्वनिक्षेपकावरून म्हणाले. "दुख हुतंय, पर सबूद म्हंजी सबूद. तवा आजपास्नं नवा अध्यक्ष नेमायचा हाय. कुणाचं नाव सुचवताय?"

त्यांनी आपले नाव सुचवण्यासाठी पहिल्या रांगेत तीन माणसे बसवली होती. परंतु ती तिघेही फोटो काढायला गेली होती.

"लेशेकराव!" गर्दीतून आवाज आला.

"लेशेकराव!" मैदान गरजले. टाळ्या थांबेनात. मानसिंगरावांनी दोनदा घसा साफ केला, पण एकमत झाल्यावर सचिवाला काही बोलता येत नाही.

रोहिणीने पदर सावरीत मामांना विचारले, "हे लोक तुम्हाला मंडळाचे अध्यक्ष करू म्हणतात. चालेल का?" लेशेकला वाटले, हा हरलेल्याचे सांत्वन करण्याचा येथील रिवाज असावा. त्याने हात जोडले. तोंडाशी आलेला घास गेल्याच्या मुद्रेने मानसिंगरावांनी ठराव लिहिला.

मंगळवारी अध्यक्ष विमानाने पोलंडला गेले.

बुधवारी आबासाहेबांनी मंडळाची घटना काढून वाचली. 'अध्यक्ष गैरहजर असल्यास सभासदांपैकी वयाने सर्वांत ज्येष्ठ असेल त्याने कार्याध्यक्ष म्हणून कारभार पाहावा.' आबासाहेब एकाहत्तर वर्षांचे होते. मानसिंगरावांनी स्वतःचा शाळेचा दाखलासुद्धा काढून पाहिला, पण तो चौसष्टच्या पुढे जाईना. संध्याकाळी आबासाहेब पुन्हा सागवानी खुर्चीवर बसले. हार पचली होती, शब्द पाळला होता आणि खुर्चीही बुडाखाली होती. तृप्त मनाने त्यांनी पानाला चुना लावायला घेतला.

तेवढ्यात रोहिणी मोबाईल घेऊन आली.

"आबा, मामांचं पत्र आलंय. अध्यक्ष म्हणून."

"वाच की. आभार मानलं असतील."

"'आपला संघ का हरला याचा मी विमानात विचार केला,'" रोहिणी वाचू लागली. "'दोष माझा आहेच. पण बाकीचे चार गुण गेले, ते पायांत बळ नसल्यामुळे. मी अठरा वर्षांत एक शिकलो, संघ पदाधिकाऱ्यांकडे पाहून पळतो. म्हणून उद्यापासून रोज पहाटे साडेपाचला सराव. सर्वांत पुढे कार्याध्यक्ष. मैदानाला दहा फेऱ्या. व्हिडिओ रोज पाठवावा.' खाली ताईला नमस्कार लिहिलाय."

"म्हणावं, माझं वय झालंय."

"म्हटलं मी. ते म्हणाले, मग ज्येष्ठतेत जो खाली आहे, त्याला खुर्ची द्या."

आबासाहेबांनी विडा तसाच तबकात ठेवला.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत निमगावच्या मैदानावर धोतराचा काचा मारलेले एक वृद्ध गृहस्थ तिसऱ्या फेरीत धापा टाकताना दिसले. मागून बारा तरुण पळत होते. शकुबाई कडेला उभ्या राहून, भावाला पाठवण्यासाठी, हे सर्व मोबाईलवर टिपत होत्या. आणि मंडळाच्या खोलीचे दार उघडे होते, म्हणून साधे सचिव मानसिंगराव आत गेले, इकडेतिकडे पाहून सागवानी खुर्चीवर नीट मागे रेलून बसले, आणि बशीत चहा ओतीत म्हणाले, "चालू द्या दादा. अजून सात ऱ्हायल्या."