महाराणीची पाच अंडी

एकतिसाव्या दिवशी सकाळी घड्याळजींनी कॅलेंडरवर फुली मारली आणि परसात जाऊन गवताच्या घरट्याला कान लावला. आत काही वाजेना. घरट्यात बसलेल्या राजहंसाच्या मादीने, म्हणजे घरच्यांच्या महाराणीने, तो कान चावला.

पाच अंडी होती. घड्याळजींनी हयगय म्हणून केली नव्हती. शेजारी थर्मामीटर टांगला होता, वारा लागू नये म्हणून जुन्या दाराचा आडोसा केला होता. बायकोला तर धुणं वाळत घालायलाही परसात मज्जाव होता.

"दोन-चार सेकंद मीही सोडून देतो," ते म्हणाले, "पण तिसाव्या दिवशी फुटायची ही अंडी, हा अख्खा दिवस मागे पडलाय."

खरी काळजी वेगळीच होती. महाराणी दिवसातून एकदा तरी दाणे खायला उठायची. चार दिवसांपासून तेही बंद. अशीच बसून राहिली तर हातची जायची. शेवटी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी महाराणीच्या डोक्यावर गोणपाट टाकून एक अंडं उचललं आणि बॅटरीच्या उजेडात धरलं.

"यात काहीच नाही. नर कुठाय?"

"कुणाचा?"

"हिचा."

"नर नाही. ही एकटीच. पण अंडी अगदी वेळेवर देते हो!"

डॉक्टरबाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. बायको मात्र थांबली नाही.

"अहो, महिनाभर चावी न दिलेल्या घड्याळाला तेल घालत होतात तुम्ही!"

"मग तुला तरी सुचलं का?"

"मला परसात पाऊल ठेवू दिलंत का?"

अंडी काढून घ्यायला घड्याळजी दोनदा गेले आणि दोनदा रिकाम्या हाताने परतले. चाव्याला भिऊन नव्हे. "पोटाखाली हात घातला," ते म्हणाले, "केवढी ऊब आहे गं तिथे!"

शेवटचा उपाय म्हणून डॉक्टरबाईंनी कुठूनतरी राजहंसाचीच दोन पिल्लं मिळवून दिली. पहाटे घड्याळजींनी ती अलगद पंखाखाली सरकवली. महाराणीने एका डोळ्याने पाहिलं. मग ती उठली, अंग झाडलं, टपाशी जाऊन पाणी प्यायली, वाडगाभर धान्य संपवलं आणि घरट्याकडे पुन्हा म्हणून फिरकली नाही.

"वाचली बाई!" बायकोने डोळे टिपले.

"आणि ही दोघं?" घड्याळजींनी विचारलं. पिल्लं त्यांच्या चपलेवर चढून बसली होती.

पिल्लांचं खोकं दुकानातल्या टेबलावर, दिव्याखाली आलं. घड्याळजी जरा हलले की दोघं कलकलाट करत, म्हणून त्यांनी उठणंच सोडलं. बायको ताट आणून ठेवी, ते तसंच निवून जाई.

आठवड्याने एक गिऱ्हाईक घड्याळ न्यायला आलं आणि कौतुकाने खोक्यात हात घालू लागलं. घड्याळजींनी मान लांब केली आणि दातांतून असा आवाज काढला, की गिऱ्हाईक दोन पायऱ्या उतरलं.

"हात लांब ठेवा हं!" बायको आतून ओरडली. "आणि घड्याळ पुढच्या महिन्यात न्या. तोवर ते काही उठायचे नाहीत."