वानखेडे मॅडमची पहिली कमांड

वानखेडे मॅडमनी मोबाइल नंबर बदलला त्याला नऊ वर्षं झाली. जुना फोन अजून त्यांच्या टेबलाच्या खणात चार्जिंगला लावलेला असतो. तो वाजला की त्या उचलतात, "नंबर बदलला जी माझा, नव्यावर करा," असं म्हणून नवा नंबर देतात आणि नवा फोन हातात धरून वाट बघत बसतात. बहुतेक वेळा प्लॉट घेता का विचारणारी मुलगी असते. ती बिचारी नव्यावर करते. मॅडम तिचं सगळं ऐकून घेतात आणि मग नाही म्हणतात.

बाई मूळच्या नागपूरच्या. पुण्यात येऊन वीस वर्षं झाली, पण बोलणं तिकडचंच. चंदननगरची भाड्याची खोली सोडून मांजरी भागात स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेल्या, तेव्हा जुन्या दारावर नव्या घराचा नकाशा चिकटवून गेल्या. नवे भाडेकरू वैतागले. "कोणी जुन्या सवयीनं आलं, तर परत काऊन जावं त्यानं?" हा बाईंचा सवाल. मी पेठेतला. आमच्याकडे पत्ता माहीत असलेला माणूससुद्धा परत जातो.

खराडीच्या आमच्या ऑफिसात मॅडम 'बिल्ड' सांभाळतात. आम्ही पन्नासएक जण प्रोग्रामचे तुकडे लिहितो. ते गोळा करून, जोडून, चालणारं सॉफ्टवेअर बनवून देणारी यंत्रणा म्हणजे बिल्ड. तिला कमांड द्यावी लागते. ही कमांड बारा वर्षांत दोनदा बदलली, तीही गेल्या दोन वर्षांतच, आणि बाईंच्या कृपेने तिन्ही चालतात. जुनी दिली तर पडद्यावर पिवळ्या अक्षरांत सूचना येते: "ही पद्धत जुनी झाली जी. या वेळी करून देते." एवढं गोड बोलल्यावर कोण सुधारणार? मी असतो तर "वाचता येतं ना?" एवढंच लिहिलं असतं.

एखादी जुनी गोष्ट काढा म्हटलं की उत्तर ठरलेलं. "राहू द्या ना बाप्पा! कोणी वापरत असन." कोण, ते मात्र कधी सांगायच्या नाहीत.

मग आले नवे साहेब. पहिल्याच मीटिंगमध्ये फर्मान काढलं, महिनाअखेर जुन्या कमांड बंद. "ज्याला नवी जमत नाही, त्याने घरी बसावं." काढायचं काम माझ्या गळ्यात. कँटीनचा चहा गार असला तरी तक्रार न करणाऱ्या वानखेडे मॅडम ताडकन उठल्या.

"माझं प्रमोशन ठेवा तुमच्यापाशी, पण पहिलीले हात लावू नका!"

साहेब म्हणाले, "तुमचं प्रमोशन यादीत नव्हतंच."

"मग तं सोपंच झालं," म्हणाल्या आणि बसल्या.

खरं सांगतो, मी खूश होतो. नवी कमांड समजून घ्यायला चाळीस ओळी, आणि जुन्या दोन समजून घ्यायला चारशे! दुसरी तर मी चहाच्या आधीच उडवली. पहिलीत शिरलो आणि एका ओळीवर अडकलो. कमांड देणारे देवधर असतील तर पिवळी सूचना दाखवू नये, असं तिथं घातलेलं होतं.

देवधर आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ. तीन वर्षांपूर्वी स्कूटर घसरून डोक्याला मार लागला, सहा महिने घरी होते, मग परत रुजू झाले. जरा सावकाश काम करतात, एवढंच आम्हाला ठाऊक.

मी तणतणत बाईंकडे गेलो. "हे काय? ऑफिसात वशिला?"

त्यांनी आधी इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला, अमोलभाऊ. अपघातानंतर नवं काही ध्यानात राहत नाही त्यांच्या. नवी कमांड दहादा शिकवली मी, सकाळी पुन्हा कोरी पाटी. जुनं मात्र सारं बोटांत आहे. ती पिवळी सूचना दिसली की 'माझं काय चुकलं?' म्हणून दिवसभर विचारत राहायचे. पाहवेना मले."

"त्यांना माहीत आहे हे?"

"नाही. त्यांना वाटते, काही बदललंच नाही. पहिली बंद झाली तं साहेब एका दिवसात घरी बसवतीन त्यांना."

मला स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात देवधरच चहाचा कप घेऊन आले.

"काय वानखेडे, हे काम मी शिकवलं होतं तुम्हाला. बारा वर्षं झाली, सिस्टीम जशीच्या तशी! अहो, काहीतरी नवीन करा की. कसं व्हायचं तुमचं?"

मी तोंड उघडणार, तोच बाईंनी डोळ्यांनीच मला गप्प केलं.

"हो सर," त्या म्हणाल्या. "जमतच नाही जी मले नवीन."

देवधर समाधानाने हसले आणि आपल्या जागेवर गेले. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरलो, आणि पहिली कमांड काढणं मला जमत नाही, असं सांगून आलो.